रुद्रप्पाचं गरम पाणी

रुद्रप्पा वैशाखातही गरम पाण्यानं आंघोळ करतो, हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. सोलापुरात वैशाखात नळाला पाणीच असं येतं की त्यात पत्ती-साखर टाकून कपात ओतावं. तरी सकाळी सहा वाजता त्याच्या न्हाणीच्या झरोक्यातून धूर निघायचा आणि नऊपर्यंत निघत राहायचा. तीन तास एक माणूस आंघोळीचं पाणी तापवतो म्हणजे तो नेमका केवढा मळलेला आहे, याबद्दल गल्लीत मतभेद होते. कुणी म्हणे नवस आहे. कुणी म्हणे वात आहे. माझी बायको वैजयंती म्हणायची, "काही माणसांचं रक्तच थंड असतं," आणि हे म्हणताना माझ्याकडे बघायची.

मी त्याच्या समोर राहतो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या या बोळात समोरासमोरच्या घरांमध्ये नऊ फुटांचा रस्ता आहे. रुद्रप्पाला शिंक आली की आमच्या घरातून "जीव शंभर वर्षं" म्हणतात. रिक्षा आत शिरली की दोन्ही बाजूंचे लोक पाय वर घेतात. ही सवय इतकी अंगात भिनली आहे की परवा मी मुलीच्या फ्लॅटवर सोफ्यात बसलो होतो, खालून रिक्षाचा आवाज आला, आणि मी पाय वर घेतले.

गल्लीतल्या घरांना चेहरे आहेत. एका घराच्या कपाळावर चुन्यात कोरलेले दोन पोपट आहेत. एकाला लोखंडी नक्षीचा सज्जा आहे, त्यावर उभं राहणं धोक्याचं असल्यानं तिथे फक्त कपडे उभे राहतात. रुद्रप्पाचं घर साधं. खाली काळा दगड, वर वीट, माथ्यावर पांढऱ्या मातीचं जाड माळवद. दरवर्षी उन्हाळ्यात तो स्वतः वर चढून मातीचा नवा थर देतो. त्यामुळे बाहेर चव्वेचाळीस अंश असताना त्याच्या आत बसलं की माणसाला झोप येते. मी बऱ्याचदा तिथे चर्चेला जातो आणि घोरून परत येतो.

घराला लागून, न्हाणीच्या भिंतीखाली, दगडी ओटा. अडीच फूट उंच, सात फूट लांब. या ओट्यावर गेली पंधरा वर्षं केराबाई बसते.

केराबाई सांगोल्याकडची. घरची मेंढरं एका दुष्काळात विकली गेली, आणि ती नवऱ्याबरोबर सोलापुरात आली. नवरा गेला, ती राहिली. ज्वारीची कडक भाकरी करावी तर तिनं. पापडाइतकी पातळ, आणि मोडताना असा आवाज, की पलीकडच्या घरातला माणूस "कोण जेवतंय?" विचारील. भाकऱ्यांची एक पाटी, शेंगाचटणीचा एक डबा, मागे भिंत. एवढंच तिचं दुकान. तिला पत्ता विचारला तर ती म्हणायची, "रुद्राण्णाचा वटा." गिऱ्हाइकंही तोच पत्ता सांगत. पुण्याला राहणारी मुलं गावी आली की आधी ओट्यावर, मग घरी.

तिचा एक कडक नियम होता. ओट्याच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटून एक लांबट, गुळगुळीत दगड आहे. त्यावर कुणी बसायचं नाही. तिथे पाटी. एकदा मी चुकून टेकलो, तर म्हणाली, "चनबसाण्णा, उटा. ती पाटीची जागा हाय. तुमी काय सादळताय व्हय?"

भाकरी सादळते. श्रावणात हवा दमट झाली की दुपारपर्यंत कडक भाकरीचं कातडं होतं. केराबाईची व्हायची नाही. ती म्हणायची, जागा चांगली हाय. आम्ही म्हणायचो, हात चांगला आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुद्रप्पाची बायको सिद्धेश्वरी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. खाट ओट्याकडच्या खिडकीशी. रुद्रप्पा तेव्हा नोकरीत होता, मुलगा हैदराबादला. दिवसभर ती खिडकीच्या आत आणि केराबाई बाहेर. दोघी बोलायच्या. एक कानडीत सुरू करायची, दुसरी मराठीत संपवायची. सुनांपासून सुरुवात व्हायची, आणि दोघींनाही सून नव्हती. सिद्धेश्वरी जाऊन सहा वर्षं झाली. त्या दोन वर्षांबद्दल रुद्रप्पा केराबाईशी कधी एक शब्द बोलला नाही. तो तसा कशाबद्दलच फारसा बोलत नाही. मी त्याच्या वाटचं बोलतो.

तर यंदा आषाढ संपता संपता गल्लीत पावसाळी गटाराचं काम निघालं. गटार हवंच होतं. पाऊस झाला की आमच्या बोळातून चपला एकट्याच फिरायला निघतात. पण एका सकाळी भिंतींवर लाल खुणा उमटल्या, आणि रुद्रप्पाच्या ओट्यावर सर्वांत मोठी फुली.

नियम साधा होता. ओटा जर मूळ घराच्या जोत्याचा भाग असेल तर गटार त्याला वळसा घालणार. मागाहून बांधलेला असेल तर तो निघणार. कुठला मूळचा आणि कुठला मागचा, हे ठरवायला मोजणीसाठी एक आर्किटेक्ट येणार. तिचा शब्द शेवटचा.

केराबाईनं फुली बघितली. पदरानं पुसून बघितली. पुसली गेली नाही.

"जाईन की दुसरीकडं," ती म्हणाली. "बाजारात बसंन."

बाजारात तिला पत्र्याखाली कोपरासुद्धा मिळणार नाही, हे तिला आणि आम्हाला ठाऊक होतं. हा ओटा गेला तर या वयात तिचं दुकान गेलं. रुद्रप्पा त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि त्यानं आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. मला सल्ला विचारला.

"हे बघ," मी म्हणालो, "जुनं ते टिकतं. ओटा जुना आहे, एवढंच पटवायचं."

"जुनाच आहे. आमचे आजोबा यावरून पडले होते."

"आजोबांच्या पडण्याला कोण विचारतं? कुणी मोठा माणूस बसलेला पाहिजे." ओट्याच्या कडेला एक खोल खाच आहे. मी त्या खाचेकडे बोट दाखवलं. "एक सरदार होता. मोहिमेवर निघालेला. इथे थांबला, आणि या दगडाला घोडा बांधला. त्या दोरानं ही खाच पडली."

"एका दिवसात?"

"घोडा तापट होता."

रुद्रप्पानं बराच विचार केला. "नाव काय त्याचं?"

"घोड्याचं की सरदाराचं?"

"ती विचारील ना."

आतून वैजयंती ओरडली, "अहो, त्या देवमाणसाला का बिघडवताय? साठ वर्षं खोटं बोलला नाही तो, आणि तुम्ही त्याला थेट सरदारापासून सुरुवात करायला लावताय. आधी एखादी लहान थाप तरी मारू द्या."

माझा सल्ला नऊ फुटांच्या रस्त्यात राहील असं मला उगाच वाटलं होतं. दोन दिवसांत "जुनं ते टिकतं" ही बातमी सगळ्या गल्लीला लागली, आणि घरं म्हातारी होऊ लागली. ज्या घरावर चुन्यात १९३१ कोरलं होतं, त्यांनी आकड्यावर कुंडी टांगली. पोपटवाल्यांनी दोन पिढ्या वाढवल्या. गेल्या वर्षी फरशी बसवलेल्या घरानं दारात जुना पाटा आणून ठेवला. मीही मागे राहिलो नाही.

आर्किटेक्ट आली ती पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. नाव आरोही, मूळची करमाळ्याची, शिक्षण सोलापुरात. गळ्यात मोजायचं यंत्र, हातात पाटीला लावलेले कागद, आणि चेहरा असा, की या बाईला अख्ख्या गावानं थापा मारून झाल्या आहेत आणि आता आमची पाळी आहे. माझ्याकडे ती आधी आली.

मी घराचं वय सांगितलं. तिनं लिहून घेतलं, मग मान वर केली.

"काका, या हिशेबानं तुमचं घर सोलापूरच्या आधीचं आहे."

"असेल की," मी म्हणालो. "गाव मागाहून आलं. आम्ही जागा दिली."

ती हसली नाही. पण कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते लिहिताना तिचा ओठ एका बाजूनं हलला. मला ती मुलगी आवडली.

मग ती समोर गेली. सगळी गल्ली तोपर्यंत आपापल्या ओट्यावर काही ना काही निवडायला बसली होती. श्रावणात कोथिंबिरीची एवढी निवड आमच्या पेठेत कधी झाली नव्हती. केराबाई आपल्या जागी. रुद्रप्पा दारात, धुतलेलं धोतर आणि कपाळाला भस्म, जणू त्यालाच मोजणार होते.

आरोहीनं ओट्याची लांबी घेतली, उंची घेतली. पुढच्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे तर सिमेंट आहे, आजोबा."

"हो अव्वा. मीच केलं. बारा वर्षं झाली."

मी डोळे मिटून घेतले. दगड खडबडीत होते, केराबाईच्या लुगड्याला लागायचे, म्हणून रुद्रप्पानं गवंडी लावून ओट्याचं तोंड गुळगुळीत करून घेतलं होतं. मोठ्या प्रेमानं. आणि त्या प्रेमामुळे ओटा आता बाहेरून बारा वर्षांचा दिसत होता.

"मग ओटाही तेव्हाचाच?"

रुद्रप्पानं माझ्याकडे बघितलं. मी खाचेकडे बघितलं. त्यानं घसा साफ केला.

"अव्वा, एक सरदार होता."

"बरं."

"तो... तापट होता." त्याला घाम फुटला. "नाही. घोडा तापट होता. सरदार शांत होता. तो इथे बसला. दोर बांधला. त्याची ही खाच. एका दिवसात."

गल्लीत कोथिंबीर थांबली.

"सरदाराचं नाव?" आरोहीनं पेन उचललं.

रुद्रप्पाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. पण त्याला नाव शोधावं लागलं नाही. केराबाई उभी राहिली.

"आण्णा, खोटं कशापायी?" ती म्हणाली. "पोरी, ऐक. ती खाच माज्या पाटीची हाय. रोज हितंच टेकवून डोक्यावरची खाली उतरवती. लोखंडी कडीची पाटी हुती पयली, तिनं पडली. घोडा न्हाय आन् काय न्हाय. हा मानूस माज्यासाटी खोटं बोलाया लागलाय, आन् त्येला येत बी न्हाय."

"केराक्का..." रुद्रप्पा म्हणाला.

"गप बसा तुमी. जागा जाती तर जाऊं द्या. तुमच्या तोंडून घोडा बांधून मला न्हाय बसायचं."

वैजयंतीनं आमच्या दारातून माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं.

आरोही हळू आवाजात म्हणाली, "आजी, बाहेरून मला सिमेंट दिसतंय. आतलं बघायचं तर तोडून बघावं लागेल, आणि तोडायची मला परवानगी नाही. मला दिसतं तेच लिहावं लागतं." तिनं पेन कागदाला लावलं.

तेवढ्यात सर आली. श्रावणात ती न विचारता येते. गल्ली कोथिंबिरीसकट आत पळाली. केराबाईनं सवयीनं पाटीवर प्लॅस्टिक ओढलं आणि पाटी भिंतीकडे, पागोळीच्या आत सरकवली. आरोही कागद छातीशी धरून ओट्यावर चढली आणि भिंतीला चिकटून उभी राहू लागली. पाय घसरला, म्हणून तिनं खाली हात टेकला. तो नेमका पाटीच्या दगडावर.

हात तसाच राहिला.

"आजी, हा दगड कोमट आहे."

"असतोय की. रोज सकाळचा असतोय."

"ऊन तर नाही. आठ दिवस ऊन नाही."

"उनाचा काय संबंध? बारा म्हैने असतोय. म्हनून तर पाटी तितं ठिवती. भाकर सादळत न्हाय."

आरोहीनं शेजारच्या दगडावर हात ठेवला. गार. पुन्हा या दगडावर. कोमट. मग तिनं त्या भिंतीकडे बघितलं, आणि रुद्रप्पाकडे.

"आजोबा, या भिंतीच्या आत काय आहे?"

"न्हाणी," रुद्रप्पा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "न्हाणी आहे. पसारा आहे. आत नको."

पण ती आत गेली होती. तिच्यामागे केराबाई. तिच्यामागे, मोजणीत शेजाऱ्याची मदत व्हावी या शुद्ध हेतूनं, मी.

न्हाणी लहान. भिंतीशी पाण्याची चूल, तिच्यात तुराट्यांचा विस्तव. चूल ज्या दगडावर होती तो लांबट, गुळगुळीत, काळा. आरोही गुडघ्यावर बसली. दाराच्या उंबऱ्यापासून आतलं अंतर घेतलं, बाहेर जाऊन बाहेरचं घेतलं, पावसात भिजत पुन्हा आत आली. तिचे डोळे चमकत होते.

"एकच आहे," ती म्हणाली. "एकच दगड. वीतभर आत, दीड हात भिंतीखाली, आणि उरलेला बाहेर ओट्यात. भिंत याच्यावर उभी आहे! ओटा नंतर लावलेलाच नाही. आधी हे दगड आडवे टाकले, मग त्यांच्यावर घर चढवलं. ओटा काढायचा तर भिंत खाली येईल. वरच्या माळवदासकट."

"म्हंजी?" केराबाईनं विचारलं.

"म्हणजे आजी, हा ओटा घराला लागून नाही. घरच ओट्यावर बसलंय. तुमच्यासारखं."

रुद्रप्पानं भिंतीला हात टेकला. मला वाटलं तो खाली बसणार. पण केराबाईला ओट्याचं ऐकून झालं होतं. ती चुलीकडे बघत होती.

चुलीवर काहीच नव्हतं.

हंडा नव्हता, पातेलं नव्हतं. नुसता विस्तव. पाण्याची बादली कोपऱ्यात, गार. आणि वर भिंतीवर, मुलानं तीन वर्षांपूर्वी बसवून दिलेला पांढराशुभ्र गीझर, लाल दिवा लावून आमच्याकडे बघत होता.

"आण्णा," केराबाई म्हणाली, "पानी कुटं हाय?"

रुद्रप्पा वर गीझरकडे बघू लागला.

"पानी तापवायला चूल, आन् चुलीवर पानी न्हाय. तर तुमी तापवताय काय?"

"एकदा तूच म्हणालीस," रुद्रप्पा गीझरला उद्देशून बोलला. "सिद्धेश्वरीला. खिडकीतून. मी आत होतो. म्हणालीस, अक्का, तुमची पाण्याची चूल पेटली की माझी भाकर सादळत नाही. ती गेल्यावर चुलीचं काम उरलं नाही. पण मग..."

"त्येला सा वर्सं झाली."

"हो."

"पावसाळ्याचं समजलं. पर वैशाखात? वैशाखात भाकर कुटं सादळती?"

रुद्रप्पानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "फक्त पावसाळ्यात पेटवली असती तर तुला कळलं असतं ना."

सहा उन्हाळे. चव्वेचाळीस अंशात, कुणाला कळू नये म्हणून हा माणूस रोज तीन तास दगड तापवत बसला होता, आणि मी गल्लीत त्याच्या मळाबद्दल विनोद करत फिरत होतो. ते विनोद चांगले होते, हेच जास्त वाईट.

केराबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडते की हसते, मला कळेना. मग ती म्हणाली, "येडं हाय का काय हे मानूस. दोन वर्सं ती माज्याशी बोलत हुती म्हनून माजा दिस जायचा. नवरा गेल्याला नवा नवा. तिनं मला संबाळली. आन् तुमी कशाचं फेडताय?"

"मला वाटलं, तू तिला..." रुद्रप्पा म्हणाला.

आरोही कागदावर खाली मान घालून बराच वेळ एकच रेघ काढत होती.

अहवाल आला. ओटा मूळ जोत्याचा भाग आहे, गटार वळसा घालून न्यावे. आता आमच्या बोळातलं गटार रुद्रप्पाच्या घरापाशी अदबीनं बाजूला होतं आणि पुढे पुन्हा सरळ चालू लागतं. अहवालात माझ्या घराच्या नोंदीपुढे एक ओळ होती: "मालकाच्या मते गावाआधीचे. पुरावा नाही. मालक मात्र जुने आहेत." वैजयंतीनं ती ओळ कापून फ्रिजला लावली आहे.

अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी केराबाई भाकऱ्यांच्या पाटीवर तुराट्यांची एक मोळी ठेवून आली. मोळी रुद्रप्पाच्या दारात टाकली.

"ही घ्या. आता उगडपणी पेटवा. पर चैत-वैशाखात पेटवली तर बगा."

"मग तेव्हा सकाळी मी काय करू?" रुद्रप्पानं विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

केराबाईनं खाचेवर पाटी टेकवली, उतरवली, मागच्या दगडावर ठेवली. शेजारची खिडकी सिद्धेश्वरी गेल्यापासून बंद होती. तिनं तिच्यावर बोटानं दोनदा वाजवलं.

"ही उगडून बसा की," ती म्हणाली. "बोलायला कोन न्हाय मला हितं. चनबसाण्णा हायत, पर त्येंचं काय खरं नसतंय."

आतून कडी निघायचा आवाज आला. सहा वर्षांची गंजलेली कडी, बराच वेळ लागला.